बढती घ्यायची की नाही? नायकिणीपासून मुख्यसेविकेपर्यंत



मदतनीस विचारते, आमच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली आहे, अर्ज करू का? सेविका विचारते, मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसू का? आशाताई विचारते, गटप्रवर्तक होण्यात काही अर्थ आहे का? तिघींचा प्रश्न एकच आहे. बढती येते आहे, घ्यायची की नको? ह्या प्रश्नाच्या मागे दुसरा एक असतो, घरचे काय म्हणतील? आणि त्याच्याही मागे तिसरा असतो, तो सहसा कुणी मोठ्याने बोलत नाही. आज ज्यांच्या बरोबरीने बसते आहे त्या बाया उद्या माझ्याशी कशा वागतील?

घरच्यांबद्दल आपण ह्या कार्यक्रमात पुष्कळ बोललो आहोत. आज ह्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. हा प्रश्न काही आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्याच कोकणातल्या आणि घाटावरच्या बायांपुढे तो उभा होता.

गिरण्यांत बायका सगळ्या खात्यांत नव्हत्या. साचे चालवायला पुरुष. बायकांची खाती मुख्यतः दोन, वाइंडिंग आणि रीळिंग. सूत बॉबिनवर भरायचं, नाहीतर त्याच्या लडी करायच्या. मजुरी कामावर, म्हणजे जेवढं सूत भराल तेवढे पैसे. ह्या बायांमध्ये विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या पुष्कळ होत्या. गावाकडे जमीन नाही, असली तर पोटापुरती नाही, मग कुणा नातेवाइकाच्या ओळखीने मुंबई गाठायची. काम देणारा मालक त्यांना कधी दिसतही नसे. काम देणारी असायची ती नायकीण.

शब्द ऐकून काहींच्या भुवया वर जातील. मराठीत नायकीण म्हटलं की गाणारी, नाचणारी बाई डोळ्यांपुढे येते. गिरणीत मात्र नायकीण म्हणजे बायकांच्या खात्यातली मुकादम. पुरुषांच्या खात्यात जॉबर, तशी इथे नायकीण. ह्या माणसांना वरून शिकवून आणलेलं नसे. कामगारांतूनच एखाद्याला निवडून वर चढवायचं, अशी गिरण्यांची रीत होती. म्हणजे नायकिणीची जागा ही गिरणीतल्या बाईला मिळू शकणारी जवळजवळ एकमेव बढती. त्याच्या वर तिला वाट नव्हती. वरची सगळी खुर्ची पुरुषांची, आणि मोठ्या खुर्च्या तर साहेबांच्या.

ह्या बढतीत काय होतं? अधिकार होता, आणि तो लहान नव्हता. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, कुणाला चांगलं सूत द्यायचं आणि कुणाला तुटकं, हे नायकीण ठरवी. चांगलं सूत आणि तुटकं सूत हा फरक आपल्याला किरकोळ वाटेल. पण मजुरी जेव्हा भरलेल्या सुतावर असते, तेव्हा दर घडीला तुटणारा धागा म्हणजे संध्याकाळची उपाशी पोरं. रजा तिच्या हातात. अडीनडीला कर्जही तीच देई. ह्या सगळ्याच्या बदल्यात बाया तिला पैसे देत, त्याला दस्तुरी म्हणत. कामाला लागताना द्यायची, पुढेही देत राहायची.

आता ह्याची दुसरी बाजू. गिरणीला नायकीण कशासाठी हवी होती? बाया मिळवून द्यायला, त्यांना धाकात ठेवायला, आणि काम कमी पडलं की कुणाला उद्या येऊ नको म्हणायचं ते सांगायला. मालकाचा रोष बायांपर्यंत पोचवायचा आणि बायांचा रोष स्वतः झेलायचा. साहेबाची मर्जी फिरली की नायकिणीची जागा गेली, आणि जागा गेली की तिला दस्तुरी देणाऱ्या बायांपैकी किती जणी तिच्या दारात उभ्या राहिल्या असतील, ते तुम्हीच ठरवा. नायकिणीला लोभी आणि कजाग म्हणणारं लिखाण भरपूर आहे. त्यात खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण आम्हाला वाटतं, त्या जागेची रचनाच अशी होती की भली बाई तिथे फार दिवस भली राहू शकली नसती. ज्या जागेचा फायदा खालच्यांच्या अडचणीतून निघतो, ती जागा माणसाला तसंच वागायला लावते.

१९२९ साली सरकारने हिंदुस्थानातल्या मजुरांच्या हालांची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३१ साली आला. जॉबर आणि नायकीण यांच्या लाचेबद्दल त्यात स्पष्ट लिहिलं आहे. उपाय काय सुचवला? जिथे बायका बऱ्याच संख्येने आहेत अशा कारखान्यांनी त्यांच्या देखरेखीसाठी आणि कल्याणासाठी निदान एक शिकलेली बाई नेमावी. सूचना चांगलीच होती. पण त्यातला एक बारकावा बघा. कामगार बाईला मिळू शकणारी जी एकच वरची जागा होती, ती आता शिकलेल्या बाईकडे जाणार. सूत भरणाऱ्या बाईला शिकायची सोय करा आणि मग तिलाच तिथे बसवा, हे कुणाच्या मनात ठळकपणे आलेलं दिसत नाही.

पुढे ती खातीच बायांच्या हातून निसटत गेली. १९२९ सालीच मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. हक्काचा कायदा, पण पैसे मालकाने द्यायचे होते, म्हणून बायका नकोतच असं म्हणणारे मालक निघाले. रात्रपाळीची बंदी आधीपासून होतीच. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत बाईला कारखान्यात काम करायला मनाई केली. बंदीमागे काळजी होती हे खरं. पण तिन्ही पाळ्या सांभाळता येत नाहीत अशा माणसाला सुपरवायझर कोण करणार? तिने बढतीला नकार दिला असं कुठे लिहिलेलं नाही, कारण तिला विचारायचा प्रसंगच आला नाही.

आता ज्यांना विचारलं गेलं अशा बायांकडे येऊ. डॉक्टर रखमाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिलेल्या, १८८४ पासून चार वर्षं चाललेला तो खटला. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेला बायकांच्या दवाखान्यात कामाला लागल्या. खटल्याची गोष्ट सगळे सांगतात, नोकरीची फारसं कुणी सांगत नाही. १९१८ साली त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये यायला सांगण्यात आलं. ही बाई डॉक्टरांसाठी सगळ्या देशाची मिळून चार वर्षांपूर्वीच उभी राहिलेली सेवा. नाव मोठं, दिल्लीपर्यंत ओळख. रखमाबाईंनी नाही म्हटलं आणि राजकोट संस्थानच्या बायकांच्या दवाखान्याची जबाबदारी घेतली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी दहाएक वर्षं, त्या तिथेच होत्या.

आम्हाला ह्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी बढती नाकारली असं म्हणणं सोपं आहे, पण त्यांनी जबाबदारी नाकारली नाही. दोन वाटांपैकी जी हवी ती घेतली. आपल्याकडे बाईने एखादी जागा नको म्हटली की लगेच "तिला झेपलं नसतं" हा शिक्का बसतो. पुरुषाने नको म्हटलं तर तो विचारी ठरतो.

ह्याच्या अगदी उलट गोष्ट दिल्लीची आहे. सी. बी. मुथम्मा, कर्नाटकातल्या कोडगूच्या. देश स्वतंत्र झाल्यावर परराष्ट्र सेवेत, म्हणजे वकिलातींच्या नोकरीत, निवडून आलेली पहिली बाई. १९४९ साली त्या रुजू झाल्या. रुजू होतानाच त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं की लग्न केलं तर राजीनामा देईन. पुढे १९६१ च्या नियमांत हे आणखी पक्कं झालं. बाई अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर घरच्या कामामुळे नोकरीत अडथळा येतो असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. लग्न झालेल्या बाईला ह्या सेवेत नेमणुकीचा हक्क नाही, असाही नियम होता. पुरुष अधिकाऱ्याला लग्नासाठी असं काही विचारलं जात नव्हतं.

मुथम्मांनी लग्न केलं नाही. हंगेरीत त्या देशाच्या राजदूत झाल्या. तरी सर्वांत वरच्या श्रेणीची बढती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना वगळलं आणि मागच्यांना पुढे नेलं. मग त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना ती बढती देऊन टाकली. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. बढती मिळाल्यामुळे अर्ज निकाली काढला, पण हे नियम बाईशी भेदभाव करणारे आहेत असं स्पष्ट लिहिलं आणि सरकारला सगळे नियम तपासून दुरुस्त करायला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, कुठे राजदूत आणि कुठे आमची मदतनीस. पण मांडणी तीच आहे. बढतीचे फायदे-तोटे मोजायला आपण बसतो तेव्हा तोट्याच्या बाजूला काय लिहितो? घर, मुलं, प्रवास, उशीर. हे सगळं आपल्या नशिबाचं किंवा आपल्या स्वभावाचं आहे असं समजून लिहितो. त्यातलं पुष्कळसं कुणीतरी कागदावर नियम करून ठेवलेलं असतं. मुथम्मांपुढे लग्न की नोकरी ही निवड देवाने ठेवली नव्हती, १९६१ सालच्या एका कागदाने ठेवली होती. तो कागद बदलता आला.

आता आपल्या अंगणवाडीकडे येऊ, कारण पत्रं तिथूनच जास्त आहेत.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, देशभरात फक्त ३३ ठिकाणी. आपल्या मेळघाटातलं धारणी त्यांत होतं. सेविकेला तेव्हा मॅट्रिक नसेल तर महिना १०० रुपये, मॅट्रिक असेल तर १५०. मदतनिसाला ३५. ह्याला पगार म्हणायचं नव्हतं, मानधन म्हणायचं होतं. बाई आपल्याच गावची, काम चार तासांचं, घर सांभाळून थोडी समाजसेवा करेल, असा हिशेब. हा "घर सांभाळून" शब्द पुढे आपल्याला फार महागात पडला.

ह्या रचनेत तीन पायऱ्या होत्या आणि आहेत. मदतनीस, सेविका, आणि मुख्यसेविका म्हणजे पर्यवेक्षिका. पायऱ्या तीन दिसतात, पण पहिल्या दोन आणि तिसरी यांच्यामध्ये भिंत आहे. मदतनीस आणि सेविका मानधनावर. मुख्यसेविका सरकारी पगारावर, वेतनश्रेणी आणि रजा असलेली नोकरदार. २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका हे सरकारी सेवेतलं पद नाही. २०२२ मध्ये गुजरातमधल्या सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीच्या कायद्याचा लाभ द्यायला सांगितलं. म्हणजे भिंतीला एक खिडकी पडली, भिंत आहेच.

म्हणून दोन्ही बढत्या एका तराजूत घालू नका. मदतनिसाची सेविका होते तेव्हा मानधन साधारण दुपटीला जातं. केंद्राचा वाटा बघा, २०१८ पासून सेविकेला ४५०० आणि मदतनिसाला २२५०. राज्याचा वाटा त्याच्यावर असतो. गाव तेच, इमारत तीच. वाढतं ते लिखापढीचं काम. मदतनिसाला पोरं घरून आणायची, झाडलोट, आहाराची तयारी. सेविकेला वजनं-उंच्या, गरोदर बायांच्या नोंदी, गृहभेटी, आणि २०२१ पासून मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर. चार तासांचं काम चार तासांत कधीच उरकत नाही. आहाराचा हिशेब चुकला तर सही सेविकेची असते. तरीही आम्ही स्पष्ट सांगतो, ही बढती बहुतेकींनी घ्यावी. इथे बाई आपल्या माणसांपासून तुटत नाही.

दुसरी बढती वेगळी. सेविकेची मुख्यसेविका झाली की वीस-पंचवीस अंगणवाड्या हाताखाली येतात. पगार लागतो, बदली लागते. स्वतःचं गाव सुटतं. गाडी चालवता येत नसेल तर एसटीच्या वेळापत्रकावर आयुष्य बांधलं जातं. आणि नायकिणीची खुर्ची इथे आपली वाट बघत बसलेली असते. वरून आलेला आदेश खाली पोचवायचा, खालचा राग आपण ऐकायचा. सेविकांचा संप झाला की किती अंगणवाड्या बंद आहेत त्याचा अहवाल मागितला जातो, आणि तो देणारी बाई कालपर्यंत त्याच संपात बसलेली असू शकते.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. नायकिणीचं पोट दस्तुरीवर होतं. मुख्यसेविकेचं पोट पगारावर आहे. तिला खालच्या बाईच्या अडचणीतून काही मिळवायची गरज नाही. नोंदवही कशी लिहायची, ट्रॅकर अडला तर काय करायचं, कुठल्या अंगणवाडीत आहार वेळेवर येत नाही, हे पंधरा वर्षं सेविका राहिलेल्या बाईइतकं कुणाला कळणार? थेट परीक्षा देऊन आलेल्या मुलीलाही हे शिकायला दोन-तीन वर्षं लागतात. आहार निकृष्ट आला तर सेविका फार तर कुरकुर करू शकते, मुख्यसेविका लेखी अहवाल देऊ शकते. तो अहवाल ती देते की दाबते, ह्यावर पंचवीस अंगणवाड्यांतल्या पोरांचं जेवण ठरतं.

केंद्राने २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांत ह्या पायऱ्यांबद्दल लिहिलं आहे. सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांतून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या सेविकांतून भरायच्या. शिक्षणाच्या आणि बाकीच्या अटी आहेतच. सेविका-मदतनीस दोघींनाही बारावी लागते. १९३१ च्या आयोगाने जे सुचवलं नव्हतं ते इथे आहे, खालून वर यायची वाट. मात्र बारावीची अट बघितली की पुन्हा तीच गोष्ट आठवते. आठवी-दहावीवर लागलेली, वीस वर्षं पोरं सांभाळलेली मदतनीस वाटेच्या तोंडाशीच थांबते. अशा बायांना मुक्त शाळेतून परीक्षेला बसवायचं काम बचत गटांनी अंगावर घ्यायला हरकत नाही. फी फार नसते, वेळ लागतो.

गटप्रवर्तकांबद्दल थोडक्यात, कारण इथे हिशेबच वेगळा आहे. आशाताईचे पैसे कामावर असतात, लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण असे एकेक. गटप्रवर्तकाचे पैसे भेटींवर धरलेले. २०१८ मध्ये केंद्राने एका भेटीचे २५० चे ३०० केले, महिन्याला वीस भेटी, म्हणजे ६०००. गावोगाव फिरायचा खर्च त्यातूनच निघतो. मान वाढला, अहवाल वाढले, पगाराची नोकरी मात्र झाली नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत. इथे होय म्हणण्याआधी पेट्रोलचा आणि एसटीचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा. आम्ही नको म्हणा असं सांगत नाही. ह्याच गटप्रवर्तक आशाताईंबरोबर रस्त्यावर उतरल्या म्हणून मानधनवाढीचे विषय पुढे सरकले, हेही खरं आहे.

शाळेतल्या बाई आणि ग्रामपंचायत, आरोग्य खात्यातल्या कायम नोकरीच्या बायांसाठी एक गोष्ट. कायम नोकरीत बढती नाकारायची तर ती लेखी नाकारावी लागते, आणि त्याचे परिणाम असतात. ठरावीक वर्षं बढती न मिळाल्यास वरची वेतनश्रेणी देणारी जी योजना आहे, तिचा लाभ बढती नाकारणाऱ्याला मिळत नाही. पुष्कळ शिक्षिका मुख्याध्यापकपद लांबचं गाव येतं म्हणून सोडतात आणि हे त्यांना नंतर कळतं. नकार द्यायचा तर द्या, पण आस्थापना विभागातल्या लिपिकाला आधी विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.

विचारायच्या गोष्टी साध्याच आहेत. नवा पगार हातात किती पडतो? आधीची वर्षं पेन्शनला, ग्रॅच्युइटीला धरतात का? बदली तालुक्यात की जिल्ह्यात? प्रवासभत्ता किती आणि कधी मिळतो? सहा महिन्यांनी नको वाटलं तर परत यायची सोय आहे का? आणि एक प्रश्न कार्यालयात नाही, आपल्या गटात विचारायचा: मी वर गेले तर माझ्याविरुद्ध तक्रार असली तेव्हा तुम्ही ती माझ्या तोंडावर सांगाल का? नायकिणीला हा प्रश्न विचारता आला नसता. तिच्या हातात बायांचं काम होतं, म्हणून तिला खरं कुणी सांगत नसे.

मुख्यसेविकेच्या भरतीच्या जाहिराती निघतात तेव्हा अर्जाला मुदत थोडीच असते. त्यात सेवेचा दाखला लागतो, आणि तो प्रकल्प कार्यालयातून मिळायला दिवस जातात. ज्यांचा विचार चालू आहे त्यांनी दाखला आताच मागून ठेवावा. घ्यायची की नाही ते नंतर ठरवता येईल.